कुरडू, करडई आणि पॉलिस्टरचे नऊ गुलाब

“प्लास्टिकची फुलं कबरीवर ठेवतात गं. ती हातात धरून कुणी लग्नाला उभं राहतंय का?”

आत्या हे म्हणाली तेव्हा माझा साखरपुडा होऊन आठवडाही झाला नव्हता, आणि लग्नातला बुके खोट्या फुलांचा केला तर, असं मी नुसतं बोलून दाखवलं होतं. आणि तिचं अगदीच चूक होतं असंही नाही. आमच्या ख्रिस्ती घरात खोट्या फुलांशी पहिली ओळख कब्रस्तानातच होते. ईस्टरच्या आदल्या दिवशी बादली आणि खराटा घेऊन जायचं, आजी-आजोबांच्या कबरी धुवायच्या, चुना मारायचा, गेल्या वर्षीची फुलं उपटून नवी खोचायची. सोलापूरचं ऊन त्या फुलांचा रंग असा काही पिऊन टाकतं की लाल कुठलं आणि गुलाबी कुठलं ते ओळखू येत नाही. लहानपणी मला वाटायचं, फुलांच्या तीनच जाती असतात: झाडावरची, हारातली आणि कबरीवरची.

पण माझं लग्न मे महिन्यात होतं. संध्याकाळी साडेपाचला विवाहविधी, त्यानंतर हॉलवर जेवण. सोलापुरात मेमध्ये पारा चाळिशीच्या वर गेला तर ती बातमी नसते, खाली उतरला तर असते. दोन वर्षांपूर्वी माझ्या मावसबहिणीचं लग्न असंच मेमध्ये झालं. तिचा बुके पहाटे पुण्याहून आला होता, बसमध्ये, थर्माकोलच्या खोक्यात, बर्फाच्या पिशव्या लावून. पांढरे जरबेरा आणि गुलाबी लिली. पाळकसाहेब “तू हिला पत्नी म्हणून स्वीकारतोस काय” असं विचारत असताना जरबेराच्या माना एकेक करून खाली येत होत्या. फोटोत ती हसतेय आणि बुके मान खाली घालून उभा आहे. तो फोटो त्यांच्या हॉलमध्ये अजून लावलेला आहे.

ताज्या फुलाला पाणी लागतं आणि बुकेतल्या फुलाला ते मिळत नाही, एवढंच गणित आहे. देठ कापला की फूल साठवलेल्या पाण्यावर जगतं आणि आपल्याकडची कोरडी हवा ते पाणी भराभर ओढून घेते. तरी मी एका ठिकाणी चौकशी केली. साडेतीन हजार सांगितले, वर “गॅरंटी नाही हं मॅडम, ऊन बघा की” असंही सांगितलं. मी चादरीच्या कारखान्यात हिशेब बघते. गॅरंटी नसलेल्या मालाला साडेतीन हजार मोजायला माझा हात धजेना.

मग डोक्यात आलं, ज्या उन्हाला एवढं घाबरतोय त्यालाच कामाला का लावू नये?

संक्रांतीच्या सुमारास मावशीकडे हुरड्याला गेलो होतो. मावशीची शेती मोहोळ तालुक्यात, सगळी काळी जमीन, पाच एकर मालदांडी ज्वारी. (मोहोळच्या संशोधन केंद्रातच निवडलेली ३५-१ ही जात. मावशी मात्र ‘पस्तीस-एक’ असं एखाद्या नातेवाइकाचं नाव घ्यावं तसं म्हणते.) सगळे आगटीभोवती बसलेले, मी बांधाबांधाने फिरत होते. तिथे कुरडू दिसलं. गुलाबी-पांढरे, वातीसारखे उभे तुरे, झाड केव्हाच वाळून गेलेलं आणि तुरा जसाच्या तसा. हात लावला तर कागदासारखा कुरकुरीत आवाज. शेतकऱ्याच्या लेखी हे तण. पावसाळ्यात कोवळं असताना भाजीला खुडायचं, नंतर उपटून फेकायचं. मी ओंजळभर तोडलं तेव्हा काका म्हणाले, “सगळंच ने की. पुण्य लागेल.”

पलीकडच्या रानात करडई होती, तेव्हा नुसत्या कळ्या. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात पुन्हा गेले तेव्हा रान पिवळं-केशरी झालेलं. करडईचं फूल लांबून झेंडूचं धाकटं भावंड वाटतं, पण हात घातलात की कळतं. पानाच्या आणि बोंडाच्या कडेला सुईसारखे काटे. काढणीला माणसं हाताला फडकी गुंडाळून का जातात ते मला पहिल्या पाच मिनिटांत कळलं. पण हीच करडई वाळली की तिचा रंग केशरी-विटकरी होतो आणि टिकतो. परदेशात फुलवाले तिला वाळवून गुच्छात घालतात. आपण तेल काढतो, भाजी खातो, आणि फुलाकडे ढुंकून बघत नाही.

पप्पांना दाखवली तर त्यांना वेगळंच आठवलं. पप्पांची सगळी नोकरी सूत रंगवण्यात गेली. ते म्हणाले, “कुसुंबी रंग म्हणतात तो हिचाच. आधी पिवळा रंग पाण्यात धुऊन काढायचा, मग सोड्याच्या पाण्यात लाल सुटतो. आमच्या वेळी कुणी करत नव्हतं, पण म्हातारे रंगारी सांगायचे.” एवढं बोलून त्यांनी एक पाकळी बोटात चुरली आणि बोटाकडे बघत बसले.

एका मैत्रिणीने सुचवलं होतं, नान्नजला जाऊ, माळरानावर सोनेरी गवत किती सुंदर असतं. ते माळढोकचं अभयारण्य आहे, १९७९ सालापासूनचं. तिथलं काडीभर गवतही लग्नासाठी तोडणाऱ्या मुलीला माळढोकाने शाप दिला तर मी काय करू? गवताचा नाद सोडला. त्याऐवजी ज्वारी काढणीला आली तेव्हा मावशीकडून फुटव्याची कणसं आणली. मुख्य कणीस बुकेत चालत नाही, फार जड. फुटव्याचं बोटभर असतं, विरळ, आणि दाणे मोत्यासारखे.

आमच्या घराच्या वर एक पत्र्याची खोली आहे. उन्हाळ्यात तिथे पाच मिनिटं उभं राहवत नाही. फुलं वाळवायला त्याहून चांगली जागा सोलापुरात शोधून सापडणार नाही. फुलाला वाळताना तीन गोष्टी लागतात: कोरडी हवा, खेळती हवा आणि अंधार. अंधार रंगासाठी. खिडकीला मी कारखान्यातली एक सेकंडची चादर लावली, जॅकार्डच्या विणलेल्या नक्षीत मोराचं एक डोकं चुकलेली. दोरी बांधली आणि छोट्या जुड्या करून उलट्या टांगल्या. उलट्या अशासाठी की देठ सरळ वाळतो, नाहीतर फुलाच्या वजनाने मान वाकते आणि तशीच कडक होते. जुडीला दोरा बांधायचा नाही, रबर बँड लावायचा. हे मला एका पहाटे जमिनीवर पडलेल्या करडईने शिकवलं. देठ वाळताना बारीक होतो, दोरा तेवढाच राहतो, आणि जुडी सटकते. रबर देठाबरोबर आवळत जातो.

सगळीकडे लिहिलेलं असतं, दोन ते तीन आठवडे लागतात. मार्चच्या शेवटी माझी जिप्सी (जिप्सोफिला, बुकेत भरीला घालतात ती बारीक पांढरी फुलं) पाच दिवसांत आणि करडई नऊ दिवसांत वाळली. पान कडक भाकरीसारखं कट्‌कन मोडलं की समजायचं, झालं.

ज्वारीने त्रास दिला. आधी खार आली. पत्रा आणि भिंत यांच्यामधल्या फटीतून येऊन तिने एका दुपारी चार कणसं साफ केली. साल तेवढी दोरीवर लटकवून ठेवलेली. मग उरलेल्या कणसांतून बारीक किडे निघाले. मम्मीला न सांगता ती कणसं मी पिशवीत घालून फ्रीजरमध्ये चार दिवस ठेवली. थंडीत किडे मरतात. तिसऱ्या दिवशी मम्मीने बर्फ काढायला फ्रीजर उघडला. पुढचं लिहीत नाही.

गुलाबांचं मात्र मला खरंच वाईट वाटलं. लाल गुलाब उलटे टांगले तर ते वाळून काळपट झाले, जुन्या रक्तासारखे. पांढरे झाले चहाच्या डागासारखे. पिवळे त्यातल्या त्यात इमानदार. निशिगंध आणि मोगऱ्याचा विचारच सोडा. त्यांच्यात पाणी इतकं, की वाळायच्या आधी ते सडायला लागतात. हातात उरतं काहीतरी तपकिरी, वास तेवढा दोन दिवस.

म्हणून गुलाबांसाठी सिलिका जेल आणलं. बुटांच्या खोक्यात पुडी असते ना, तेच, पण मोकळं, वाळूसारखं बारीक. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात खाली दोन बोटं थर द्यायचा, त्यावर देठ छोटा कापलेला गुलाब उभा ठेवायचा आणि चमच्याने पाकळ्यांच्या मधल्या जागा भरत जायचं, पूर्ण गाडेपर्यंत. घाई केली की पाकळी दुमडते आणि तशीच वाळते. झाकणाला चिकटपट्टी. पाचव्या दिवशी डबा उघडला, हळूहळू ओतला आणि आतून जो गुलाब निघाला त्याला बघून मी पप्पांना हाक मारली. आकार तोच, रंग थोडा गडद, वजन जवळजवळ नाही. बारातले आठ चांगले निघाले.

जेलमधले निळे खडे पाणी प्याले की गुलाबी होतात, तापवले की पुन्हा निळे. पण त्या निळ्या रंगात कोबाल्ट असतं, तेव्हा स्वयंपाकाच्या कढईत तापवू नका. मी भंगारात द्यायला काढलेला एक तवा त्यासाठी वेगळा ठेवला आणि काम झाल्यावर खरंच भंगारात दिला.

आणि निलगिरीची पानं. ती नुसती वाळवली तर चुरा होतात, म्हणून ग्लिसरीन. एक भाग ग्लिसरीन, दोन भाग गरम पाणी, त्यात फांदीचं टोक ठेचून उभं करायचं. पान पाण्याच्या जागी ग्लिसरीन ओढून घेतं आणि मऊ राहतं. दोन आठवड्यांत हिरवा जाऊन मेंदीच्या लगद्याचा रंग आला. पूर्ण बुकेत मला सगळ्यात जास्त ही पानं आवडली आणि त्यांच्याबद्दल कुणीही काहीही बोललं नाही.

आता प्रश्न असा येतो, एवढं सगळं वाळवलं तर खोटी फुलं कशाला?

कारण वाळलेलं फूल कामाचं नसतं. म्हणजे दिसायला असतं, पण त्याच्यावर भार टाकता येत नाही. लग्नात बुके किती जणांच्या हातातून जातो! करवली धरते, फोटोग्राफर “ताई, जरा वर, जरा खाली” करतो, कुणीतरी काकू मिठी मारते. सिलिकातला गुलाब एका मिठीत संपतो. कापडी गुलाब शंभर मिठ्या खातो. त्याच्या देठात तार असते, तो वळतो आणि पुन्हा सरळ होतो. म्हणून मधला गाभा कापडी आणि कडेची झालर वाळलेली, असं मी ठरवलं. बघणाऱ्याचं बोट कडेला लागतं, तिथे खरं असलं की मधल्यावर तो संशय घेत नाही. ही माझी अक्कल, कुठे वाचलेली नाही, पण चालली.

कापडी गुलाब घ्यायला नवी पेठेत तीन वेळा गेले. गड्ड्याच्या जत्रेत जानेवारीत बघून ठेवले होते, पण तिथली फुलं म्हणजे रंगांची मारामारी. तिसऱ्या वेळेपर्यंत मला बघायचं कुठे ते कळलं होतं. पाकळीवर डिंकाचा दवबिंदू असलेला गुलाब घ्यायचा नाही, दहा फुटांवरून ओळखू येतो. पानाच्या मधल्या शिरेवर साच्याची रेघ असेल तर पानं काढून टाकायची, तिथे निलगिरी लावता येते. पाकळीची कड बघायची: धागे सुटलेले असतील तर दोन दिवसांत मिशा फुटतात. मला क्रीम रंग हवा होता. दुकानातल्या दिव्याखाली क्रीम वाटलेले नऊ गुलाब घरी ट्यूबलाइटखाली टिनोपॉलमध्ये बुडवल्यासारखे निळसर पांढरे निघाले.

आणि इथे मी जन्माची चेष्टा करून घेतली.

कुठल्याशा व्हिडिओत एक बाई पांढरी फुलं चहाच्या पाण्यात बुडवून त्यांना जुनाट सुंदर रंग देत होती. मी पातेलंभर कोरा चहा उकळला, चांगला काळा, आणि नऊच्या नऊ गुलाब त्यात सोडले. तासाने काढले, पाण्याखाली धरले, पांढरे. पुन्हा टाकले, मीठ घातलं, रात्रभर ठेवले. सकाळी पांढरे. चहा नासला, फुलं ओली, आणि पप्पा दात घासत मागे उभे.

“काय करायलीस गं हे?”

मी सांगितलं. पप्पांनी तोंड धुतलं, टॉवेलने पुसलं, एक गुलाब उचलून पाकळी अंगठ्याखाली चोळली.

“पॉलिस्टर हाय हे. चहा सुताला लागतो, ह्याला कसा लागंल? ह्याला डिस्पर्स डाय लागतो, आणि एकशे तीस डिग्री. तुझ्या पातेल्यात पाणी शंभराच्या वर जाणार हाय का?” मग थोडं थांबून, “तीस वर्षं मी रंगात काढली, आणि माझी पोरगी पॉलिस्टरला चहा पाजायली.”

हे वाक्य त्यांनी त्या दिवसानंतर सासरच्या मंडळींसमोर, पाळकसाहेबांसमोर आणि लग्नाच्या हॉलवर माइकवर म्हटलेलं आहे.

उपाय मात्र त्यांनीच काढला. रंग आत जाणार नसेल तर वर बसवायचा. ॲक्रेलिकचा पिवळसर मातकट रंग पाण्यात अगदी पातळ केला, स्पंजच्या तुकड्याने पाकळ्यांच्या मुळाशी थोडा जास्त आणि कडेला जेमतेम लावला. पप्पा शेजारी बसून “कमी, कमी, अजून कमी” म्हणत होते. वाळल्यावर कुकरच्या वाफेवर धरून चुरगळलेल्या पाकळ्या सरळ केल्या. तेव्हा कुठे ते गुलाब शांत झाले.

आत्या त्या संध्याकाळी आली होती. मी तिला पटवायला म्हणून सांगितलं, राणी व्हिक्टोरियाने १८४० मध्ये लग्नात संत्र्याच्या फुलांचा मुकुट घातला, आणि मग तिकडच्या नवऱ्या मेणाची संत्र्याची फुलं लावायला लागल्या. म्हणजे खोटी फुलं काही आजची नाहीत. आत्या म्हणाली, “ती राणी होती. तू चादरीच्या कारखान्यात खतावणी लिहितीस.” मग मुंडावळ्यांचे मोती काय समुद्रातून काढतात का, असं विचारायचं माझ्या तोंडावर आलं होतं, पण आमच्यात मुंडावळ्या बांधत नाहीत, तेव्हा तो मुद्दा तिने सहज उडवला असता.

बुके बांधायला दोन रविवार गेले. पहिला अख्खा वाया. मी गुलाब एका मुठीत धरून त्यांच्याभोवती बाकीचं खोचत गेले आणि जे तयार झालं ते फुलकोबीसारखं दिसत होतं. कारखान्यात सुताच्या काट्यावर ठेवलं तर एक किलो ऐंशी ग्रॅम. हात भरून आला असता. सगळं सोडलं. दुसऱ्या रविवारी प्रत्येक देठ एकाच दिशेने तिरपा ठेवत, मनगट थोडं थोडं फिरवत बांधलं, पेंढीला पीळ देतात तसं. मग देठ खाली पसरतात, वर फुलांना आपोआप जागा मिळते, आणि एकच ठिकाण आवळावं लागतं. तारांची जादा लांबी पक्कडने कापली. वजन सहाशे चाळीस.

मधे नऊ कापडी गुलाब. त्यांच्यामधे आठ सिलिकातले पिवळे-केशरी गुलाब, खोल बसवलेले, धक्का लागू नये म्हणून. मग करडई, काटे कात्रीने छाटून. मग जिप्सी, कुरडूचे तुरे, सगळ्यात बाहेर ज्वारीची कणसं आणि निलगिरी. दाणे आणि तुरे गळू नयेत म्हणून वरून केसांचा स्प्रे मारला. काही गुलाबांना देठ नव्हते, ते ग्लू गनने तारेला चिकटवले. ग्लू गनबद्दल खाली येतंच आहे.

मुठीला सॅटिनची रिबन लावणार होते. पप्पांनी कोनावरचं सूत आणून दिलं, टॉवेलचं, बिनरंगाचं, आणि स्वतः गुंडाळलं. एकाला एक लागून, मधे फट नाही, जवळजवळ वीतभर. शेवटी धागा संपला तिथे गिरणीत तुटलेला धागा जोडायची जी बारीक गाठ असते ती मारली. ती कुठे आहे ते मला अजून सापडलेलं नाही.

लग्नाच्या दिवशी दुपारी दीडला पार्लरला गेलो, सात रस्त्याजवळ. मी, करवली, आत्या. बुके खोक्यात घालून गाडीच्या मागच्या काचेजवळ ठेवला, गाडी उन्हात, काचा बंद. सव्वातीनला करवली आणायला गेली आणि खोकं धरून अशी आली, जसं काही त्यात कुणी गेलंय.

बंद गाडीत उन्हात किती तापतं ते आपल्याला सीटवर बसल्यावर कळतंच. ग्लू गनचा डिंक मुळात वितळवूनच लावलेला असतो, तो पुन्हा मऊ झाला. पाच पिवळे गुलाब तारेवरून घसरून खाली कुरडूवर बसले होते, दोन फुटले होते. तारांची टोकं तेवढी वर आलेली, त्यांच्यावर डिंकाचे लोंबते धागे. ग्लू गन घरी, घर अक्कलकोट रोडला, आणि माझ्या अर्ध्या केसांत पिना.

मी रडले नाही, कारण डोळ्यांचं काम झालं होतं आणि पार्लरवाल्या ताईने बजावलं होतं.

आत्याने खोकं मांडीवर घेतलं. चष्मा लावला. “सुई हाय का गं कुणाकडं?” साडीच्या पिनांच्या डब्यात सुई होती. दोरा नव्हता. मग तिने समोरच्या टेबलावरची भुवयांच्या थ्रेडिंगची रीळ उचलली. तो दोरा सुती आणि पक्का. फुटलेले दोन गुलाब बाजूला काढले. उरलेल्या तिघांच्या बुडाशी, जिथे पाकळ्या एकत्र येतात त्या कठीण गाठीत, हळूच सुई घालून दोरा तारेला गुंडाळला, दोनदा, मग खाली ओढून देठांत अडकवला. मोकळ्या झालेल्या दोन जागी शेजारचे कापडी गुलाब तार वाकवून आत सरकवले. मधेच करडईचा एक राहिलेला काटा बोटात गेला तेव्हा ती “अगंग” म्हणाली, बोट तोंडात घातलं, पुन्हा कामाला लागली. पाऊण तास. मी आरशातून बघत होते.

झाल्यावर तिने बुके लांब धरून बघितला. “हायत कबरीवरचीच. पण आता पडायची नाहीत.”

पडली नाहीत. विधी, फोटो, केक, दोनशे मिठ्या, सगळं पार पडलं. रात्री नऊला वळीव आला, दिवे गेले, हवा ओली झाली तशा सिलिकातल्या गुलाबांच्या पाकळ्या थोड्या मलूल झाल्या, पण अंधारात कोण बघतंय. पैशांचं विचाराल तर कापडी गुलाब, सिलिका, ग्लिसरीन, टेप, स्प्रे मिळून चौदाशे दहा रुपये. मावशीने ज्वारीचे पैसे घेतले नाहीत. खारीने खाल्लेली चार कणसं मी हिशेबात धरलेली नाहीत.

बुके आता जुळे सोलापुरात आमच्या कपाटावर उभा आहे, काचेच्या बरणीत. करडईच्या पाकळ्या अधूनमधून झडतात. आणि कुरडूचं मला ठाऊकच नव्हतं: त्या प्रत्येक तुऱ्यात काळं, चकचकीत, खसखशीएवढं बी असतं. स्प्रे मारूनही ते गळत राहिलं. लग्नाच्या पांढऱ्या साडीच्या निऱ्यांत मिळालं, सुटकेसमध्ये मिळालं, बरणीच्या तळाशी चिमूटभर साठलं. सासूबाईंनी ते झाडून गॅलरीतल्या रिकाम्या कुंडीत टाकलं. जूनचा पाऊस झाला तशी कुंडी हिरवीगार झाली. मी कौतुकाने फोटो काढून पप्पांना पाठवला.

संध्याकाळी ऑफिसातून आले तर कुंडीत नुसते बुडखे. सासूबाईंनी लसूण-मिरची घालून भाजी केली होती, भाकरीबरोबर. आत्याही जेवायला होती. तिने दोनदा वाढून घेतली.